दत्तात्रयरावांचे जाहीर आभार

सप्तापूर, धारवाड
२१ जानेवारी २०२५

चि. भार्गवी,

आशीर्वाद तर आहेतच, शिवाय पाठीवर एक जोरदार थाप. पोटनिवडणुकीत विद्यानगरनं तुला निवडून दिलं हे तुझ्या बापानं फोनवर सांगितलं आणि मी देवापुढे साखर ठेवून लगेच शेजारचं दार वाजवलं. गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं नसतं तर हुबळीला येऊन तुझ्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालले असते. सध्या वॉकर घेऊन न्हाणीघरापर्यंत जाते, तीच माझी मिरवणूक.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. राजकारणाचं जे काही असेल ते पत्रानं लिहायचं. फोनवर नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नाही. हुबळी-धारवाड म्हणजे बसचा तासाभराचा रस्ता आणि आत्या पोस्टाची तिकिटं चिकटवत बसलीय म्हणून तू हसशील. खुशाल हस. पण आपल्या पक्षाच्या, 'नागरिक सभे'च्या ग्रुपवर लिहिलेलं अक्षर न् अक्षर दत्त्या पलीकडच्या पक्षाला पोचवत होता, आणि ते कळलं तोवर सगळं संपलं होतं.

तेव्हा तू बेंगळुरूला शिकत होतीस, तुला सगळं धड कुणी सांगितलेलं नाही. सभेचे अकरा कार्पोरेटर होते, महापौर आपला होणार हे नक्की होतं. तेवढ्यात यांना, तुझ्या काकांना, अर्धांगाचा झटका आला. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. त्यांनी दवाखान्यातल्या खाटेवरून सगळा कारभार दत्त्याच्या हाती दिला. पाच-सहा वर्षांचा असल्यापासून आमच्या स्वयंपाकघरात जेवलेला पोरगा, दुसऱ्या कुणाच्या हाती देणार? त्यानं आठ जणांना मिनीबसमध्ये भरलं आणि दांडेलीच्या जंगलातल्या रिसॉर्टवर नेऊन ठेवलं. काका फोन लावत राहिले. ज्या दिवशी पलीकडचा महापौर झाला त्याच संध्याकाळी ते गेले. दत्त्या खांदा द्यायला आला होता. मी त्याला हाकलून दिलं आणि लोकांनी मलाच नावं ठेवली.

आज तो सत्ताधाऱ्यांचा सभागृह नेता आहे आणि जूनमध्ये महापौर व्हायची स्वप्नं बघतोय. आपण दोनाचे तीन झालो. तीन पुष्कळ झाले. पहिल्याच सभेत त्याची लक्तरं वेशीवर टांग. त्यानं कुठं काय खाल्लं, कुणाच्या घरी काय केलं, सगळं मला तोंडपाठ आहे. मी मरायच्या आधी त्याला खाली मान घालून जाताना बघायचंय, बाकी काही इच्छा राहिलेली नाही.

तुझी,
शकुआत्या


विद्यानगर, हुबळी
१२ फेब्रुवारी २०२५

ती. शकुआत्या,

नमस्कार. पाठीवरची थाप पोचली. व्यायाम करतेयस ना? फिजिओथेरपीच्या बाईंना तू परत पाठवतेस असं बाबा म्हणत होते.

पहिली सभा झाली. मी एकच प्रश्न विचारला. इथल्या मुलींच्या वसतिगृहाच्या मागच्या रस्त्यावर दिवे कधी लागणार? दत्तात्रय उठले आणि बोलायला लागले. तीन माणसांचा पक्ष, त्यात एक झोपलेला (बाळाचार्य खरंच झोपले होते), कालची पोर आम्हाला दिवे दाखवायला निघाली, वगैरे. मागची बाकं हसून हसून लोळत होती. ते थांबेपर्यंत मी उभी राहिले. मग कन्नडमध्ये म्हटलं, सन्माननीय सभागृह नेत्यांचं बोलणं संपलं असेल तर माझा प्रश्न तसाच राहिलाय, दिवे कधी लागणार? ते परत बोलले. मी परत तेच विचारलं. शेवटी आयुक्तांनीच तारीख दिली.

तू चिडणार हे माहीत आहे. पण बाळाचार्य, कविता आणि मी, आपल्या तिघा कार्पोरेटरांनी बसून ठरवलंय. कुणाच्या घरातलं बाहेर काढायचं नाही. माईक ओढायचा नाही. पलीकडच्यांनी चांगलं काम आणलं तर त्याला हात वर करायचा, आणि वाईट आणलं तर उत्तर मिळेपर्यंत हटायचं नाही. लोकांना आपला पक्ष आठवतो तो एक म्हणजे फुटला म्हणून, आणि दुसरं म्हणजे फुटल्यावर आपण घातलेल्या शिव्यांमुळे. यातलं दुसरं तरी पुसता येईल.

काकांनीही हेच केलं असतं असं वाटतं.

तुझी,
भार्गवी


सप्तापूर
१८ मार्च २०२५

चि. भार्गवी,

काकांनी काय केलं असतं ते मला नको सांगूस. पस्तीस वर्षं त्यांच्यासोबत मी काढली.

आज सकाळी दारावर भाजी घेताना कोपऱ्यावरचा किराणावाला जाता जाता म्हणाला, तुमच्या भाचीनं दत्तात्रयरावांचे भर सभेत आभार मानले की, पेपरात आलंय. मला वाटलं, दुसरी कुणी असेल. पेपर मागवून वाचला. 'दिवे वेळेत लावल्याबद्दल सभागृह नेते दत्तात्रयराव यांचे मी विरोधी बाकांवरून जाहीर आभार मानते.' राव! त्याला राव लावलास तू. अगं, त्यानं आपल्या घरची चूल विझवली आणि तू त्याचे दिव्यासाठी आभार मानतेस?

सभ्यपणाचं मला नवल नाही. काकाही सभ्यच होते आणि तेवढ्यामुळेच त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की फोनची रेंज नसेल. तू त्यांच्यावर गेलीस, एवढंच यातून मला कळलं. वाटलं होतं माझ्यावर गेली असशील.

गुडघा बरा आहे. त्या बाईंना मी परत पाठवत नाही, त्याच उशिरा येतात.

शकुआत्या


विद्यानगर
२७ मार्च २०२५

ती. शकुआत्या,

दिवे खरोखर लागले. मी जाऊन बघून आले. मुली आता त्या रस्त्यानं अभ्यासिकेतून चालत परत येतात, आधी रिक्षा करायच्या. जे झालं ते झालं म्हणायला काय हरकत आहे? ते वाक्य मी मनापासून म्हटलं होतं. म्हटल्यावर मागच्या बाकांवर जराशी कुजबुज झाली, तेवढंच.

आता मोठं काम पुढं आलंय. जुन्या भाजी मार्केटातल्या बायकांना उठवून गावाबाहेर जागा द्यायचा ठराव सत्ताधारी आणणार आहेत. मांडणार दत्तात्रयच. अळणावरकडून पहाटेच्या गाडीनं येणाऱ्या बायका आहेत या, मेथी आणि वांगी घेऊन बसतात. चंद्रभागा नावाची एक जण माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, तुम्ही ओरडत नाही म्हणून आले. ओरडणारे आमच्याकडून हार घेऊन जातात आणि परत दिसत नाहीत." मी रोज मार्केटात जाऊन बसतेय. कोण कुठून येतं, किती वाजता कोणती गाडी पकडतं, गावाबाहेर गेल्यावर परतीची गाडी कशी चुकेल, सगळं विचारून घेतलं.

पाडव्याला येणार होते, पण आता जमणार नाही. श्रीखंड तुझ्या वाट्याचं बाबांबरोबर पाठवते.

तुझी,
भार्गवी


सप्तापूर
१९ एप्रिल २०२५

चि. भार्गवी,

हे पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवतेय, सही घेऊनच दे म्हणून सांगितलंय. कापसात गुंडाळलेलं एक मेमरी कार्ड आत आहे. हरवू नकोस.

सटवाजी आठवतो का? अळणावरच्या बाजूचा, दत्त्याची गाडी चालवायचा. दत्त्यानं त्याला कामावरून काढलं म्हणून परवा माझ्याकडे आला. मी आधी दारातूनच परत पाठवत होते. मग त्यानं फोन काढून दाखवला. ती मिनीबस तोच चालवत होता, रिसॉर्टवर त्या रात्री तोही होता. वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या स्मृतीकडून मी ते कार्डात भरून घेतलं. तिला बघू दिलं नाही.

काय आहे ते लिहितेच, म्हणजे एकटी असताना बघशील. लांब टेबल, बाटल्या, आपले आठही जण. टेबलावरचा फोन वाजतोय. दत्त्या फोनकडे बघतो, उचलत नाही. मग उभा राहतो, एका बाजूनं तोंड वाकडं करतो आणि काकांसारखा बोलायला लागतो. 'द... दत्तू, क... कधी येणार रे?' तसंच जड, तसंच अडखळत, ओठातून लाळ गळते तशी हातानं पुसून. सगळे हसतात. फोन वाजतच राहतो.

मी पाच वेळा बघितलं. काकांचा आवाज तसा झाल्यावर मी रात्रंदिवस त्यांच्या उशाशी होते. एका शब्दासाठी त्यांना किती जोर लावावा लागायचा ते मी पाहिलंय, आणि त्यातला निम्मा जोर या मेल्याचं नाव घेण्यात जायचा.

आता तुझं धोरण बाजूला ठेव. महापौराची निवडणूक दोन महिन्यांवर आली. हे एकदा बाहेर सोडलं की तो या दोन्ही गावांत तोंड दाखवू शकणार नाही. वरच्या मुलीला सांगून मीसुद्धा सोडू शकते, पण ते तुझ्या हातून व्हायला हवं. तू सभेची आहेस, त्यांच्या खुर्चीवर बसलीस.

वाट बघते.

शकुआत्या


विद्यानगर
२५ एप्रिल २०२५

ती. शकुआत्या,

कार्ड मिळालं. पाहिलं.

वापरणार नाही. तूही वापरू नकोस, ही विनंती नाही.

हे बाहेर गेलं तर लोक दत्तात्रयांना शिव्या देतील, हे खरं. पण त्यासाठी आधी प्रत्येकाला ते ऐकावं लागेल. रिक्षास्टँडवर, कॉलेजच्या कट्ट्यावर, लग्नाच्या मांडवात काकांचं ते बोलणं लोक पुन्हा पुन्हा लावतील आणि त्यातले निम्मे हसतील. माणसं हसतातच. आठ जण हसले तेवढे पुरे झाले.

स्मृतीकडे त्याची प्रत राहिली असेल तर पुसून टाकायला सांग.

भार्गवी


सप्तापूर
२ मे २०२५

भार्गवी,

पुसलं. तुझं म्हणणं पटलं म्हणून नव्हे, काकांचं नाव काढलंस म्हणून. ते कार्ड मला परत पाठव.

तुझ्या अंगात आमच्या घरचं रक्त आहे की उसाचा रस, याचा विचार करतेय. यापुढे सभेचं मला काही कळवू नकोस. पेपरात वाचायची सोय आहे.

शकुंतला गलगली


विद्यानगर
९ जुलै २०२५

ती. शकुआत्या,

दोन महिने तू पत्र लिहिलं नाहीस आणि फोनवर फक्त गुडघ्याबद्दल बोललीस. कार्ड मी परत पाठवलेलं नाही, पाठवणारही नाही. पण जे झालं ते तुला माझ्याकडून कळायला हवं, किराणावाल्याकडून नको.

भाजी मार्केटचा ठराव मे महिन्यात आला. दत्तात्रयांनी मांडला. मी चंद्रभागा आणि मंडळींना प्रेक्षकांच्या गॅलरीत नेऊन बसवलं होतं, घोषणा द्यायच्या नाहीत या अटीवर. मग पहाटेच्या गाडीचं, परतीच्या गाडीचं, पोरांच्या शाळेचं, एकेक करून विचारलं. दत्तात्रयांना उत्तरं येईनात. पुढच्या सभेला त्यांनी ठराव मागे घेतला. बायकांच्या बाजूनं निकाल लागला, आणि माणूस मागे आला हे खरंच होतं, म्हणून मी उभी राहून त्यांचे आभार मानले. म्हटलं, "सन्माननीय दत्तात्रयराव माझ्या काकांच्या हाताखाली तयार झाले. समोरच्याचं ऐकून घ्यायची ती शिकवण ते विसरलेले नाहीत, याचा आम्हाला, जुन्या घरच्या माणसांना, अभिमान वाटतो."

पेपरात ते चौकटीत आलं.

महापौराच्या निवडणुकीत आदल्या दिवशीपर्यंत त्यांचं नाव होतं. सकाळी दुसरंच नाव आलं. त्यांच्या वरच्यांना कुणीतरी सांगितलं म्हणे, हा अजून मनानं गलगलींच्या घरातलाच आहे, महापौर झाला की परत जाईल. सभागृह नेतेपदही काढून घेतलं. आता ते आपल्यासमोरच्या तिसऱ्या बाकावर, खांबाच्या मागं बसतात.

आपलं बरं चाललंय. लॅमिंग्टन रोडवरच्या पक्षाच्या खोलीत रविवारी बसायला सतरंजी पुरत नाही. मार्केटातल्या बायका येतात, वकील येतात, वसतिगृहातल्या दोन मुली तर सगळी टिपणं काढून देतात.

रागावली असलीस तरी औषधं घेत जा.

तुझी,
भार्गवी


सप्तापूर
१४ जुलै २०२५

चि. भार्गवी,

देवाला डोळे आहेत. मी पत्र वाचलं आणि सरळ उठून, वॉकरशिवाय, देवघरापर्यंत गेले. खांबाच्या मागं! मी म्हणत होतेच की त्याच्या कर्माची फळं त्याला इथंच मिळणार. तुझ्याकडून नाही झालं, म्हणून देवानं हातात घेतलं.

एवढंच की, हे तुझ्या हातून झालं असतं तर मला जास्त आनंद झाला असता. असो. स्वभावाला औषध नाही. तू भोळी आहेस, पण लोकांना भोळी माणसं आवडतात असं दिसतंय, खोली भरते आहे तर भरू दे. रागावल्याबद्दल मनात ठेवू नकोस. सोबत लोणच्याची बरणी पाठवतेय.

शकुआत्या


सप्तापूर
३ ऑक्टोबर २०२५

चि. भार्गवी,

काल दसऱ्याला काय झालं ते नीट लिहिते. वाचून लगेच उत्तर लिहू नकोस, एक दिवस जाऊ दे.

संध्याकाळी बन्नीचं सोनं द्यायला गल्लीतली पोरं येऊन गेली. दार उघडंच होतं. परत चपलांचा आवाज आला म्हणून मी पाठमोरीच हात पुढे केला, आणि कुणीतरी बन्नीची पानं त्यात ठेवून पाया पडलं. "बन्नी तगोंडु बंगारदंग इरूण, अक्का." वळून बघते तो दत्त्या. सोनं घ्या, सोन्यासारखं राहूया, असं तो मला म्हणत होता.

तुला ठाऊक आहे, त्या दिवशी बन्नी घेऊन आलेल्याला आपल्याकडे परत पाठवत नाहीत. वैरी आला तरी त्याला आत घेतात, पाटावर बसवतात. सात वर्षं मी त्याच्यासाठी काय काय साठवून ठेवलं होतं, आणि तोंडातून निघालं काय, तर, बस. चहा दिला. पोह्यांची अवलक्की दिली. केस पार पांढरे झालेत त्याचे. बसनं आला होता, एकटा.

अवलक्की नुसती चिवडत राहिला. मग म्हणाला, "अक्का, काकांचा फोन वाजत होता. मी बघत बसलो होतो. उचलायचं धाडस झालं नाही." आणि रडला, बायकांसारखा पदर नव्हता म्हणून हातानंच तोंड झाकून. भार्गवी, हे लिहायला मला लाज वाटते, पण मला त्याची दया आली. तो पाच-सहा वर्षांचा असताना त्याला ताप आला होता तेव्हा त्याच्या आईनं त्याला माझ्या मांडीवर टाकला होता, तेच आठवत राहिलं.

त्याला परत यायचंय. पुढच्या वर्षी पालिकेची मोठी निवडणूक आहे. स्वतःची जागा आणि तेव्हा फुटलेल्यांतले आणखी पाच जण घेऊन येतो म्हणतो. पद नको म्हणतो, सतरंज्या उचलतो म्हणतो. म्हणजे तुझे तीन आणि त्याचे सहा, सभा पुन्हा जवळजवळ होती तेवढी होईल. काकांचा पक्ष होता तसा उभा राहील. मी त्याला शब्द दिला आहे की भार्गवीला सांगते, ती माझं ऐकेल. तू तर स्वभावानंच क्षमाशील. तुला जड जाणार नाही.

उत्तर ऐकायला तो पंधरा दिवसांनी येणार आहे.

तुझी,
शकुआत्या


विद्यानगर
१० ऑक्टोबर २०२५

ती. शकुआत्या,

एक दिवस नव्हे, चार दिवस जाऊ दिले.

नाही. त्यांना घेणार नाही. त्यांना नाही आणि त्या पाचांनाही नाही. सभेतून फुटून गेलेल्याला तिकीट द्यायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवून लोकांना सांगितलेलं आहे, आणि आज जी माणसं खोलीत येऊन बसतात ती एवढ्याचसाठी येतात. सहा जागा मिळतील, ती माणसं जातील. तीनच्या पाच झाल्या तरी चालेल, पण त्या आमच्या असतील. हे कारण मी कुणालाही सांगू शकते आणि ते खरं आहे.

दुसरं कारण फक्त तुला सांगते, कारण तू मला भोळी म्हणालीस.

ते कार्ड माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. एप्रिलपासून प्रत्येक सभेच्या आधी गाडीत बसून मी ते एकदा पूर्ण बघते. काकांची नक्कल, मग हसणं, मग वाजत राहिलेला फोन. मग काच खाली करून जरा वारा घेते, आत जाते आणि 'सन्माननीय' म्हणते. इतक्या शांतपणे मला ते एरवी म्हणता आलं नसतं.

दिव्यांचे आभार मी मनापासून मानले होते, हे तुला लिहिलं होतं. पण तेव्हा मागच्या बाकांवर कुजबुज झाली आणि दत्तात्रयांच्या मानेला घाम आला, हे मी बघितलं. त्यांच्या पक्षात बाहेरून आलेल्यावर कधीच पूर्ण विश्वास ठेवत नाहीत. त्यानंतर त्यांनी केलेलं प्रत्येक चांगलं काम मी शोधून काढलं. स्मशानाची शेड, पाण्याच्या टाकीची जाळी, काहीही. प्रत्येक वेळी उठून आभार मानले, आणि आभार मानताना त्यांच्याकडे न बघता त्यांच्या मागं बसलेल्यांकडे बघितलं. भाजी मार्केटच्या दिवशीचं ते वाक्य, काकांच्या हाताखाली तयार झाले, जुन्या घरची माणसं, ते मी आठवडाभर घासून तयार केलं होतं. त्यात खोटं काही असलंच तर 'शिकवण विसरलेले नाहीत' एवढंच. देवानं यात काहीही हातात घेतलेलं नव्हतं, आत्या.

आयुष्यात मी त्यांच्याशी एकदाही आवाज चढवून बोललेले नाही. कुणाकडे तक्रार करता येईल असं मी त्यांना काहीच दिलं नाही. मला नेमकं तेच हवं होतं.

आणि एक विचारते. फोन वाजत होता, बघत बसलो होतो, एवढं त्यांनी तुला रडून सांगितलं. फोन वाजत असताना ते काय करत होते, ते सांगितलं का?

त्यांना माझा नमस्कार सांग. नाही म्हणून सांग. यापलीकडे एक शब्द सांगू नकोस.

तुझी,
भार्गवी


सप्तापूर
१९ ऑक्टोबर २०२५

चि. भार्गवी,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा खालचं नाव बघितलं. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. तू माझ्यावर गेली असशील असं मला वाटत होतं. तू माझ्या पुष्कळ पुढे गेलीस.

दत्त्या आज दुपारी आला. हसतमुखानं आला, गल्लीतल्या पोरांसाठी म्हणून केळ्यांचा घड घेऊन. मी त्याला बाहेरच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, भार्गवीनं नमस्कार सांगितलाय, आणि नाही म्हणून सांगितलंय. त्यानं केळ्यांचा घड खुर्चीखाली सरकवला. मग विचारलं, आणखी काय म्हणाली? काही वाईट बोलली का? मी म्हटलं, नाही, एवढंच.

मग मी विचारलं. "रिसॉर्टवर फोन वाजत होता तेव्हा यांची नक्कल कोण करत होतं?"

त्याचा चेहरा उतरला. सटवाजीनं सांगितलं का, म्हणून पुटपुटला. शेवटी म्हणाला, "सगळे हसत होते, अक्का." म्हणजे करणाऱ्यानं ते हसणाऱ्यांवर ढकललं. दसऱ्याला आलेली दया माझ्या अंगातून तेव्हा गेली, भांड्यातून पाणी ओतून टाकावं तशी.

तो जायला उठेना. खुर्चीच्या हाताला धरून बसला आणि म्हणाला, "बैदिद्र चलो इत्तु, अक्का. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं की. सभेत नाही, घरी नाही, एक शब्द नाही. लोकांना मी काय सांगू, तिनं माझं काय केलं म्हणून? तुम्ही तरी घाला. तुमच्या शिव्या खाऊनच मोठा झालोय."

माझ्या जिभेवर होत्या गं. सात वर्षांच्या, धुऊन पुसून ठेवलेल्या. एक जरी घातली असती तरी तो हलका होऊन गेला असता, मला दिसत होतं ते. त्यासाठीच तर तो बसून राहिला होता.

मी उठून फाटक उघडलं. "दत्तात्रयराव," म्हटलं, "ऊन फार आहे. पाणी घेऊन निघा तुम्ही. बसला गर्दी असेल."

त्यानं माझ्याकडे बघितलं. पाणी घेतलं नाही. खाली मान घालून गेला, बस स्टॉपपर्यंत दिसत होता. केळी मी शेजारी देऊन टाकली.

मग पानावर बसले आणि दोन घास जास्तच जेवले. काकांना हे आवडलं नसतं, मला माहीत आहे. पण ते आता नाहीत, आणि का नाहीत ते तुला ठाऊक आहे.

तुझी,
शकुआत्या